कोरी न राहिलेली वाटी

दि. १४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. फोन तू उचलणार नाहीस, म्हणून पत्र. फाडायचं तरी पाकीट हातात घ्यावंच लागेल. वहिनी कशी आहे? चिमणीचे पुढचे दात आले का? इथे सगळं ठीक. लॅबचा एसी बंदच होत नाही, आम्ही स्वेटर घालून कुडकुडतो.

ताई गेली त्या दिवशी तू म्हणालास, "तुम्ही प्रयोग केलेत तिच्यावर." आमच्या लॅबची आतड्याच्या कर्करोगावरची ती नवी लस तिनेच हट्टाने मागून घेतली होती, पण तेव्हा ते सांगून काय उपयोग होता?

तिच्या रक्तातल्या पेशी आमच्याकडे अजून गोठवलेल्या आहेत. ऊब दिली की जाग्या होतात. प्लेटमधल्या इवल्या वाट्यांत त्यांच्यासमोर तिच्या गाठीतलं प्रथिन ठेवायचं. जी पेशी ते ओळखते, तिच्या जागी जांभळा ठिपका उमटतो. ताई नाही, आणि तिचे ठिपके उमटतात. बघवत नाही, आणि बघितल्यावाचून राहवतही नाही. परवा मी चक्क म्हणाले, "पुरे गं, दमशील." शेजारचा सहकारी चरकलाच.

तुलनेसाठी एक वाटी लस न घेतलेल्या, निरोगी माणसाच्या पेशींची लागते. ती कोरी राहायला हवी. या खेपेला रक्त देणारा आला नाही, म्हणून मीच हात पुढे केला.

कोरी राहिली नाही.

"नळ्यांची अदलाबदल केलीस का?" लॅबचे सर खेकसले. पुन्हा केलं. पुन्हा ठिपके. मग ते ओरडले नाहीत, खुर्ची ओढून "बस" म्हणाले. लस न घेता माझ्या पेशी ताईच्या गाठीतलं प्रथिन ओळखतात, म्हणजे तसंच काहीतरी त्यांना माझ्या आत कुठेतरी भेटलं असणार. कदाचित पेशींनी ते केव्हाच संपवलंही असेल, असं सर म्हणतात. पण हा आजार घराण्यात उतरतो. बाबांच्या दुखण्याला आपण जन्मभर अल्सर म्हणत आलो.

दादा, तपासून घे. माझ्यावर राग धर, पण रक्त दे. तुझ्यात निघालं तर पुढे चिमणीलाही तपासावं लागेल. हे वाक्य लिहायला मला तीन कागद लागले.

माझी आतड्याची तपासणी गुरुवारी आहे. मला फार भीती वाटते. सोबत कोण येणार, असं काउंटरवरच्या बाईंनी विचारलं. ताईच्या वेळी तिने माझं नाव सांगितलं होतं. मी तुझं सांगून बसले. तुला न विचारता.

तुझी, आता एकच उरलेली,
धाकटी