कलम नऊ आणि मागचे फाटक

प्रति,
मा. सचिव,
हॅझलडीन इस्टेट ट्रस्ट,
साउथहॅम्प्टन.

विषय : घर क्र. १२ च्या मालकांस त्याच घरात नोकर म्हणून मान्यता मिळणेबाबत.
संदर्भ : आपले नकाराचे पत्र, दि. ३ मार्च २००४.

महोदय,

आपल्या पत्राच्या तळाशी 'अर्ज मातृभाषेत केला तरी चालेल' असे छापले आहे. अर्जदाराने ते खरे धरले आहे.

अर्जदार डॉ. सुप्रभा केळुसकर व तिचे पती डॉ. पद्माकर १९७९ पासून सदर घरात राहतात. जानेवारीत पतींना पक्षाघात झाला. ते २२ मार्चला व्हीलचेअरमधून घरी यायचे आहेत. पुढच्या दाराला चार पायऱ्या आहेत. तिथे रॅम्प बांधू द्या, एवढीच मूळ विनंती होती. इस्टेटीतल्या सर्व घरांना लागू असलेल्या १९३४ च्या करारातील कलम चार घराचा दर्शनी भाग बदलू देत नाही, म्हणून आपण ती फेटाळली. मागच्या दाराला पायरी नाही, पण तिकडे जाणाऱ्या गल्लीच्या फाटकाला आपले कुलूप. ती वाट फक्त नोकरांसाठी, हेही त्याच करारात.

मग अर्जदाराने तो करार पहिल्यांदाच नीट वाचला. घर घेताना वकील 'नेहमीचाच मसुदा आहे' म्हणाला आणि तिने डोळे झाकून सही केली, ही चूक तिची. कलम नऊ म्हणते : घरगुती नोकर वगळता गोऱ्या वंशाबाहेरच्या कोणीही या इस्टेटीत राहू नये. हे कलम काढा, असे तिने फोनवर सांगितले तेव्हा आपण हसलात. ते कायद्याने केव्हाच मेले आहे, मनावर घेऊ नका, म्हणालात. म्हणजे एकाच कागदावरचे नऊ मेलेले आणि चार मात्र ठणठणीत. धन्य आहे आपली.

आपल्या कागदभक्तीला धक्का लावण्याची अर्जदाराची प्राज्ञा नाही. सबब करार पूर्णपणे पाळावा, आणि केळुसकर पती-पत्नीची घर क्र. १२ चे नोकर म्हणून नोंद करावी. अर्जदार स्वयंपाक बरा करते. पतींनी याच शहरातल्या इस्पितळात सव्वीस वर्षे हृदयविकाराचे रुग्ण तपासले. त्यांत आपले वडीलही होते. बरे झाल्यावर ते फुले घेऊन आमच्या पुढच्या दाराने आले होते, आणि त्यांना कोणी कलम दाखवले नव्हते.

फाटकाची किल्ली २२ तारखेच्या सकाळपर्यंत मिळावी. पती नोकरांच्या वाटेने येतील, पण घरी येतील.

आपल्या इस्टेटीत पंचवीस वर्षे कराराबाहेर राहिलेली,
डॉ. सुप्रभा पद्माकर केळुसकर
दि. ९ मार्च २००४

सोबत : कराराचे एक पान. कलम चार आणि नऊ दोन्ही त्यावरच आहेत.