बाहेरगावची देणगी

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच सांगते. विधानसभेच्या जागेसाठी मी उभी राहते आहे. आधी पोटभर हसून घे. शाळेत दोन ओळी म्हणताना जिची बोबडी वळायची, ती तुझी चिमणी आता चौकात भाषणं ठोकणार.

आमच्या इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद केला, आम्हा नर्सना इकडेतिकडे वाटून टाकलं, तोवर मी गप्प होते. पण जानेवारीत बेकरीवाल्याची बायको शेजारच्या शहरात नेताना गाडीतच गेली. तिची आधीची दोन्ही मुलं माझ्याच हातावर जन्मली होती. त्यानंतर मला चैन पडेना. राजीनामा देऊन टाकला.

समोर वीटभट्टीवाले आहेत. माणूस तोंडाचा गोड, पण विभाग बंद करायचा ठरला तेव्हा इस्पितळाच्या समितीवर तेच होते. आबांना सांगितलं, तर घड्याळाच्या यंत्रातून डोळा न काढता ते नुसतं, उभी राहा, म्हणाले. आता दुकानात येईल त्याला सांगत सुटलेत.

वहिनींना नमस्कार. रागावला असलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
चिमणी

१९ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

रागावतो कशाला? तुझं पत्र मी गोदीच्या कँटीनमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. जेवणं थांबली. आमचा वेल्डर, तीन पुरुष उचलेल असा गडी, ताटावरून उठून बाहेर गेला. त्याचंही पहिलं मूल असंच वाटेत गेलं होतं, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. परत आला आणि त्यानंच पहिली नोट टेबलावर ठेवली. मग क्रेनवरचे सगळे, कँटीनवाल्या बाई, आमची घरमालकीण. माझा वाटा सगळ्यात मोठा आहे. त्यावरून तुझी वहिनी बोलेल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

बाहेरगावच्यांनी देणगी दिली तर चालते, हे वकिलाला विचारून घेतलंय. नियमाप्रमाणे सगळ्यांची नावं सोबत पाठवतो. नको म्हणू नकोस. बहीण उभी राहिली आणि भावानं हात आखडता घेतला, असं कधी झालंय का? आबांची काळजी घे. आमचे आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहेतच, जरा जेवतही जा.

तुझा,
दादा

३० एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दोनदा फाडून लिहिते आहे. तुमच्या पैशांतून पत्रकं छापली, भोंग्याची जीप भाड्यानं घेतली. गल्ल्यागल्ल्यांतून बायका सभेला यायला लागल्या. मग वीटभट्टीवाल्यांनी भिंती रंगवल्या: मतं तुमची, मालक गोदीतले. देणगीदारांची नावं तर कुणालाही बघायला मिळतात. बाजारात मला विचारू लागले, की इतक्या लांबची माणसं फुकट पैसे कशाला देतील? इस्पितळाची जागा हवी असेल त्यांना. मी वेल्डरची गोष्ट सांगायची, तर लोक कानाडोळा करायचे.

परवा शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. बेकरीवाला उठला. ज्याच्यासाठी मी हे सगळं मांडलं, तोच. त्यानं शांतपणे विचारलं, की उद्या या देणगीदारांचं आणि आमचं एकमेकांविरुद्ध आलं, तर तू कुणाचं ऐकशील? पैसे परत करते म्हटलं, तरी कुजबुज थांबेना. कुणीतरी मागून म्हणालं, भाऊच आहे ना पहिल्या नंबरावर? तेव्हा माझ्या तोंडून गेलं, “ही माणसं आपली नाहीत. यांतलं कुणीच नाही.”

टाळ्या पडल्या, दादा. आबा पुढच्या रांगेत होते. ते काठी घेऊन उठले आणि टाळ्या चालू असतानाच निघून गेले. तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत.

पैसे पाठवते आहे. खर्च झाले तेवढे माझ्या नोकरीच्या फंडातून भरलेत. काय मागू तुझ्याकडे? मला टाकू नकोस.

चिमणी

१४ मे

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

पैसे पोचले. ‘हे’ लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते.

ह्यांनी एकेकाच्या दारी जाऊन पैसे परत केले. कारण काय सांगितलं, मला ठाऊक नाही. वेल्डरनं घेतले नाहीत. जिला दिले तिला दिले, म्हणाला. ते पाकीट तसंच फळीवर आहे.

तुम्हांला दोष देत नाही. भर सभेत माणूस कोंडीत सापडतो. पण एक सांगते. अठरा वर्षं मी ह्या घरात ‘आमच्याकडे असं, आमच्याकडे तसं’ ऐकत आले. आमच्याकडचं पाणी, आमच्याकडची हवा. मी वैतागायची. गेल्या आठवड्याभरात ते ‘तिकडे’ म्हणतात. पुढच्या वर्षी नोकरी सोडून आबांच्या दुकानावरच्या खोलीत राहायला यायचं ठरलं होतं. तुम्हांला अचानक सांगून चकित करणार होते. परवा साहेबांना जाऊन सांगून आले, की आणखी पाच वर्षं काम करतो.

तुम्ही निवडून या. निदान ह्यांचं गेलं ते कशासाठी, ते तरी दिसेल. जीव लावलाय तो तसाच राहू द्या.

तुमची,
वहिनी

६ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी पडले. थोडक्यात नाही, चांगली सपाटून पडले. पैसे परत केले तेव्हा लोक म्हणाले, की म्हणजे काहीतरी काळंबेरं होतंच. जीप गेल्यावर लांबच्या वस्त्यांपर्यंत पोचताही आलं नाही.

वीटभट्टीवाल्यांच्या खर्चाचा मोठा भाग राजधानीतल्या एका कंपनीनं उचलला, हे आता पेपरात आलंय. तिचं एक ऑफिस इथे बाजारात आहे, म्हणून ती इथली. ते ऑफिस मी बघून आले. दाराला कुलूप होतं.

बेकरीवाला काल घरी आला. मत तुलाच दिलं, म्हणाला. मी त्याला पाणी दिलं.

आबा बोलायला लागलेत, पण कामापुरतंच. वहिनींचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. खोलीचं ऐकल्यावर ते दुकान अर्ध्यावर बंद करून वर जाऊन बसले. दादा, ये रे. एकदा येऊन जा. लोभ उरला असेल तेवढा दे.

चिमणी

२० जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

हरलीस याचं वाईट वाटतं. तू लायक होतीस.

माझ्या मनात राग नाही, हे आबांनाही सांग. बेकरीवाल्यानं विचारलं ते वाजवीच होतं. माझ्या बायकोला तुमच्या इस्पितळात जावं लागणार नव्हतं, मला तुमच्या रस्त्यानं चालावं लागणार नव्हतं. मी लांबून नुसत्या आठवणीतल्या भिंती बघत होतो.

इतकी वर्षं इथल्या मतदारयादीत मी नाव घातलंच नव्हतं. नाव तिकडचं आहे, तिकडेच राहू दे, असं वाटायचं. इथे निवडणुका आल्या, गेल्या. मी सुट्टी घेऊन झोपायचो. सोमवारी जाऊन नाव घालून आलो. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, की जुन्या गावातलं काढून टाकावं लागेल, चालेल ना? माझ्या मागे रांग होती. मी म्हटलं, “चालेल.”

पुढच्या वेळी पुन्हा उभी राहा. फक्त माझ्याकडून काही घेऊ नकोस. आता मी खरोखरच बाहेरचा आहे, आणि त्या वेळी कुणी विचारलं तर तुला खोटं बोलावं लागणार नाही.

आबांना नमस्कार. यायचं बघतो. लोभ आहे, तो कुठल्या गावचा, ते विचारू नये.

तुझा,
दादा