बिनचटणीचा वडापाव

आबा,

तुम्ही वडा कधी सरळ तोंडात घातला नाहीत. रविवारी केस कापून झाले की साताऱ्याच्या स्टँडामागच्या त्या दुकानात आपण जायचो, आणि तिथंही तुम्ही ड्युटीवर असल्यासारखेच उभे राहायचात. परातीत थंड पडलेले वडे नकोत, नवा घाणा निघेपर्यंत थांबायचं. वडा हातात आला की फोडायचा, बटाट्याचा वास घ्यायचा, मग कागदावर दाबून तेलाचा डाग किती पसरतो ते बघायचं. डाग मोठा पडला की वडेवाल्याला ऐकवायचं, "सोडा लय झालाय गड्या, तेल पितोय तुझा वडा." तो हात जोडायचा. "मेजर, खावा आता. बाँब न्हाई त्यात." सतरा वर्षं फौजेत काढलीत, नंतर एमआयडीसीतल्या कारखान्याच्या गेटवर. सुटलेल्या कामगारांच्या डब्यांची झाकणं उघडून बघणं हेच तुमचं काम, त्यामुळं मला त्यात वेगळं काही वाटायचं नाही. मीही माझा वडा फोडायचो, वास घ्यायचो, नाक मुरडायचो. एक गोष्ट मात्र तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. पाव दाबून बघायचात, मिरची उलटीपालटी करायचात, पण ती लाल लसणाची चटणी तुम्ही न बघता खायचात. बोटाला लागलेलीसुद्धा चाटायचात.

आपण तिथं दोन खायचो आणि दोन बांधून घ्यायचो. एक आईला. दुसरा बिनचटणीचा. घरी पोचल्यावर पिशवीत पुडा एकच असायचा. मधल्या एका गल्लीच्या तोंडाशी तुम्ही म्हणायचात, "सायकल धर. आलोच." मी अकरा वर्षांचा होतो, पण संशय यायला तेवढं वय पुरतं. एका रविवारी सायकल भिंतीला टेकवली आणि तुमच्या मागं आलो. हिरवं दार. तुम्ही चप्पल काढता. आतून बांगड्यांचा हात येतो, पुडा घेतो, आणि तुम्ही हसता. घरात तुम्हाला तसं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. माझं डोकं तिथंच फिरलं.

दुपारी सगळे जेवायला बसले, आई भाकरी वाढत होती, आणि मी मोठ्यानं म्हणालो, "आबा एका बाईला वडापाव नेऊन देतात. हिरव्या दाराच्या." आईचा हात भाकरीसकट तसाच राहिला. आजोबांनी कोण बाई, कुठली बाई, काहीच विचारलं नाही. अर्ध्या जेवणावरनं ताटात हात धुतला. "परत त्या दारात गेलास, तर माझ्या मढ्याला खांदा द्याचा न्हाई." तुम्ही मान खाली घालून "व्हय" म्हणालात. मला वाटलं, चोर पकडला. संध्याकाळी सायकल पुसताना तुम्ही मला एवढंच म्हणालात, "मला इचारायचं हुतंस की रं." चार मुस्काटात दिल्या असत्यात तर मी केव्हाच विसरलो असतो.

त्यानंतर बांधून घ्यायचा वडापाव एकच झाला. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, छातीत कळ येऊन, कारखान्याच्या गेटवरच. मी रडत होतो आणि रडतानाही गर्दीत ती बाई शोधत होतो. पुढं एकदा आईला विचारलं, तर म्हणाली, "गेलेल्या माणसाचं काय उकरतोस?" त्यावरनं तर माझी खात्रीच पटली. नऊ वर्षं मी तुम्हाला तसलाच माणूस समजत आलो, आबा.

आता मी सांगलीत आहे. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. आईला सांगितलंय, नोकरी लागली म्हणून. नोकरी आहे, टायरच्या दुकानात, पण नोकरीसाठी आलेलो नाही. शिराळ्याची एक मुलगी इथं नर्सिंग करते, तिच्यासाठी आलो. तिची ड्युटी सुटली की विश्रामबागेतल्या नाहीतर गावभागातल्या दुकानांतनं आम्ही वडापाव खात फिरतो. एकाकडं पाव तव्यावर चांगला दाबून देतात, एकाचा वडा नुसता आल्यानं झणझणतो, एकजण चुरा मागितला तर मूठभर घालतो. तिला सगळेच आवडतात. फुंकरसुद्धा न मारता ती चावा घेते, जीभ भाजते, डोळ्यांत पाणी येतं आणि तशीच हसते. मी आपला फोडतो, वास घेतो. "खा की रं," ती म्हणते, "वडा हाय. पोस्टमॉर्टेम काय करतोस?" तिच्याशिवाय मला काही सुचत नाही, आणि घोटाळा तिथंच आहे. तिचा फोन वाजला की माझे कान ताठ होतात. मेसेजला उत्तर उशिरा आलं की हातातला टायर टाकून मी रस्त्यावर येरझाऱ्या घालतो. मालक म्हणतो, तुझ्यातच हवा जास्त झालीय.

गेल्या सोमवारी खाऊन झाल्यावर तिनं आणखी एक वडापाव बांधून घेतला. "कुणाला?" मी विचारलं. "हाय एकजण," ती गालात हसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला, तिनं कट केला. "कोण?" तर म्हणे, "उद्या सांगते." बस्स. मला ते हिरवं दार दिसलं. मी तिच्या हातातला पुडा ओढला, दोरा तोडला आणि दुकानासमोर सगळ्यांच्या देखत तो वडा फोडला. आत काय शोधत होतो, मलाच ठाऊक नाही. वडेवाला म्हणाला, "आवं, बटाटाच हाय त्यात." लोक हसले. ती हसली नाही. "दादा आलाय माझा, शिराळ्यावरनं," ती म्हणाली. "त्याला खायाला घालून आज तुझं नाव काढणार हुते. गेटवरचा सिक्युरिटी हायस काय रं तू, माझ्या पिशव्या तपासायला?" तुमच्या नोकरीचं मी तिला कधीच सांगितलेलं नाही, आबा. ती गेली आणि मी फुटका वडा हातात धरून उभा. तिचा भाऊ होता. तेव्हा पहिल्यांदाच मला स्वतःचा संशय आला.

दुसऱ्या दिवशी दुकानाला दांडी मारून साताऱ्याला आलो. घरी गेलो नाही. त्याच दुकानातनं एक बिनचटणीचा वडापाव बांधून घेतला आणि गल्लीत शिरलो. दार अजून हिरवंच आहे. उघडलं ते केस पिकलेल्या एका बाईनं, हात मनगटापर्यंत लाल, मागं उखळात लसूण. मग नजर तिच्या नाकावर गेली. तुमचंच नाक. मी रोज आरशात बघतो ते. तिनं आधी पुड्याकडं बघितलं. "चटणी न्हाई ना घातली?" मग माझ्याकडं. "त्येचा पोरगा व्हय तू? बस."

मला आत्या आहे, हे मला तिच्या तोंडून कळलं. मी जन्मायच्या आधी तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि आजोबांनी तिचं नाव घरात घ्यायची बंदी केली. नवरा वारल्यावर ती त्या दुकानाला चटणी कुटून द्यायला लागली, अजून देते. "दिसभर लसूण कुटायचा आन खायाला बी त्योच? म्हून मला बिनचटणीचा. तुझा बा मातूर माझ्या चटणीसाठनंच तिकडं जायाचा." तिनं वडा फोडला नाही. सरळ चावा घेतला. तुम्ही गेल्याचं तिला वडेवाल्याकडून कळलं होतं. ती आली होती, लांब कोपऱ्यावर उभी राहून परत गेली. म्हणजे मी शोधत होतो ती तिथं खरंच होती. खाता खाता ती मध्येच थांबली. "पर त्याआदी दोन वर्सं त्यो एकदम यायचाच बंद झाला बग. लय इचार केला मी. माझंच कायतरी चुकलं आसंल." मी उखळाकडं बघत बसलो. निघताना तिनं चटणीची बरणी दिली. एसटीत बसल्यावर झाकण उघडलं आणि सवयीनं वास घेतला. लाज वाटली, पण घेतला.

त्याच दिवशी सांगलीच्या तिला मोठा मेसेज केला. तुमच्यावर घेतलेला संशय, आत्या, सगळं लिहिलं. दोन दिवस काही नाही. मग आलं, "दादा रविवारपर्यंत हाय. ये. पण हात खिशात घालून ये." जाणार आहे, आत्याची बरणी घेऊन. पण त्याच्यासमोर मान वर करून उभं राहायचं, तर आधी आत्याला खरं सांगायला हवं. तुम्ही तिला तोडलं नव्हतं. तिचं काही चुकलं नव्हतं. भरल्या ताटांपुढं तोंड उघडलं ते मी.

हे पत्र वहीतच राहणार. ते तुम्हाला मिळणार नाही म्हणूनच एवढं लिहिता आलं. काल पुन्हा साताऱ्याला गेलो होतो, तेवढंच सांगायला. दारात उभा राहिलो, पुडा दिला. आत्या म्हणाली, "चार दिसांत परत? काय काम हुतं का रं?"

"न्हाई," मी म्हणालो. "नवा घाणा निघाला हुता. म्हून आलो."