गंजीच्या आत

१० एप्रिल २००६, सोमवार

आज रुजू झालो. धामणखेड नगरपरिषदेचा अग्निशमन अधिकारी. मुख्याधिकाऱ्यांनी चहा पाजला, हात मिळवला आणि गावाला उन्हाळा फार कडक असतो, सांभाळून राहा म्हणाले. आर्णीत वाढलेल्या माणसाला उन्हाचं काय सांगता, असं मनात आलं. पण पहिल्याच दिवशी साहेबाला उलट बोलू नये.

आमचं स्टेशन म्हणजे पत्र्याची मोठी शेड, एक लाल गाडी, १०१ चा फोन आणि तीन माणसं. शोभाताई फोनवर बसतात आणि बसल्याबसल्या लोणच्याच्या कैऱ्या चिरतात. उकंडा फायरमन, निवृत्तीला आलेला, कमी बोलणारा. आणि ड्रायव्हर देवीलाल राठोड, तोंडाचा पट्टा सतत चालू. त्याने मला गाडीभोवती फिरवून आणलं आणि म्हणाला, "बुढी झाली साहेब, पण माह्या ऐकण्यात आहे. दुसऱ्याले हात लावू देत नाही."

शेडला लागूनच दोन खोल्यांचं क्वार्टर आहे. मागे कडुनिंब. लेकीची परीक्षा संपली की सत्यशीला प्रियंकाला घेऊन येईल. तोवर खिचडी, मी आणि ही रोजनिशी.

१३ एप्रिल

लोकांना वाटतं, आग लागली की आमचं काम सुरू होतं. खरं काम आग लागू नये म्हणून असतं. टॉकीजचे मागचे दरवाजे उघडतात का बघा, फटाक्यांची गोदामं बघा, जिनिंगच्या आवारात पाण्याची टाकी भरलेली आहे का बघा. मधमाश्यांचं पोळं काढा, विहिरीत पडलेली म्हैस काढा. देवीलालने काल म्हशीचा किस्सा सांगून सगळ्यांना हसवलं. मालकिणीने मग त्यालाच ओवाळलं म्हणे.

उद्या जयंतीची मिरवणूक. गाडी चौकात उभी ठेवायची, म्हणजे मलाही निळ्या झेंड्यांखाली उभं राहता येईल. आज बाबा असते तर त्यांनी गाडीवर हात फिरवून बघितला असता.

१८ एप्रिल

पहिला कॉल. दुपारची वेळ, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. शोभाताई पाणी प्यायला उठल्या होत्या म्हणून फोन मी घेतला. पुरुषाचा आवाज, शांत, आपल्याकडच्या सुशिक्षित माणसाचा. म्हणाला, "जुन्या जिनिंगमधली कापसाची गंजी आतून जळते आहे. माणूस आत आहे. लवकर या." आणि ठेवला.

मी घंटा दिली. शोभाताईंनी विचारलं कुठे, मी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बसा साहेब. तिथून येते तो फोन. जायचं नसते." देवीलालही किल्ली हातात घेऊन नुसता उभा. मी चिडलो. कॉल खोटा वाटला तरी गाडी निघालीच पाहिजे, हे प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी शिकवतात.

गेलो. हे जिनिंग दोन वर्षांपासून बंद आहे. कापसाला भाव नाही, भागीदार कोर्टात भांडतायत, आणि पावसाने भिजून, सडून कवडी झालेला कापूस आवारात तसाच पडलाय. दुमजली घराएवढी गंजी. वरचा थर राखाडी, कातड्यासारखा ताणलेला. धूर नाही, वास नाही, माणूस नाही. ऑफिसात टेलिफोनची वायर तुटून लोंबत होती.

मी गंजीला हात लावला. बाहेर एवढं ऊन, पण कापूस ओल्या फडक्यासारखा गार.

१९ एप्रिल

पुन्हा फोन. तोच आवाज, तेच शब्द. आज लोखंडी सळई घेऊन गेलो. गंजी आतून पेटलीय का हे बघायची जुनी रीत आहे: सळई खुपसायची, थोडं थांबायचं, ओढून हात लावून बघायचं. हात लावायची वेळच आली नाही. सळईचं टोक लाल होऊन आलं.

म्हणजे आग खरीच आहे. कापूस असा आतल्या आत महिनोन्‌महिने जळू शकतो, हे पुस्तकात वाचलं होतं. माझ्या मनावरचा भार उतरला. कोणीतरी आग बघितली आणि कळवलं, एवढंच. आम्ही अख्खी गाडी रिकामी केली. पण सरकीचा तेलकट कापूस, पाणी नुसतं घरंगळून जातं. कुंपणाबाहेर बाया पाण्याचे रिकामे गुंड डोक्यावर घेऊन जमल्या. गावाला आठवड्यातून एकदा नळ येतो आणि आम्ही सडक्या कापसावर पाणी ओततोय. एकीने विचारलं, कायले साहेब, कोणासाठी?

२४ एप्रिल

फोन रोज येतो. रोज जातो. देवीलालची बडबड जिनिंगच्या फाटकापाशी थांबते.

आज मी विचारलं, कोण बोलतंय. तो म्हणाला, "जिरापुरे."

श्रीकृष्ण जिरापुरे हे माझ्या आधीचे अधिकारी. मागच्या वर्षी त्यांची बदली वाशीमकडे झाली. मला राग आला. मोबाइलवरून त्यांच्या नव्या ऑफिसला फोन लावला. त्यांनीच उचलला. मजेत होते. तब्येत उत्तम, तिथलं ऑफिस चांगलं, आपण कधी असा फोन केला नाही म्हणाले. आवाज मात्र तोच, अगदी तोच. मी त्यांना सुनवायला तोंड उघडलं आणि टेबलावरचा १०१ वाजला.

एका कानाला मोबाइल, दुसऱ्याला रिसीव्हर. मोबाइलमधले जिरापुरे त्यांच्या कूलरचं कौतुक सांगत होते. रिसीव्हरमधले जिरापुरे म्हणत होते, "ते बाहेर गेलं. मी आतच आहे."

शोभाताईंनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून ठेवला. मग सांगितलं. मागच्या वर्षी गंजीत एक पोकळी पडली होती, आणि आत कोणी अडकलं का बघायला जिरापुरे साहेब उतरले होते. लगेच वर आले. अंगावर फोड नाही, काही नाही. नंतर महिनाभर इथेच काम केलं. "पण ते साहेब नव्हते," एवढंच म्हणाल्या आणि कैऱ्या घेऊन बसल्या.

२७ एप्रिल

झोप नीट नाही. बसवत नाही, उभं राहवत नाही. जेवताना फोन वाजल्यासारखं होतं.

मुख्याधिकाऱ्यांना भेटलो. आग आहे, गंजी फोडून विझवलीच पाहिजे, असं ठासून सांगितलं. फोनबद्दल बोललो नाही. माल कोर्टाच्या ताब्यात आहे, हात लावला तर माझ्यावर येईल, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, वस्तीकडे पसरली तर तुमच्यावर येईल. शेवटी तोंडी परवानगी दिली.

२ मे

सकाळपासून गंजी फोडतोय. लोखंडी आकड्यांनी कापूस ओढत गेलो तशी आत वाट मोकळी झाली, वाकून जाता येईल एवढी. तिच्यातून गार हवा येत होती.

आतून कोणी कण्हलं. सगळ्यांनी ऐकलं.

मी दोर घेत होतो, तेवढ्यात देवीलालने स्वतःच्या कमरेला बांधलासुद्धा. तुमची पोरगी यायची आहे साहेब, माही पोरं मोठी झाली, असं म्हणाला. मी नको म्हणालो. पुरेसं जोरात म्हणालो का, ते आता आठवत नाही.

तो वाकून आत गेला. दोर ताणला, मग सैल पडला. आम्ही हाका मारल्या. ओढायला घेणार, एवढ्यात तो आपणहून चालत बाहेर आला. कपड्यांना काजळी नाही. कपाळावर घामाचा थेंब नाही. म्हणाला, "आत कोणी नाही साहेब. मला काही झालं नाही."

गाडीत बसल्यावर लक्षात आलं. देवीलाल 'मला' म्हणत नाही. 'मले' म्हणतो.

४ मे

दोन दिवस फोन नाही.

देवीलाल वेळेवर येतो, गाडी पुसतो, गप्प बसतो. पाणी पीत नाही. पारा पंचेचाळीसच्या वर आणि हा माठाकडे बघत नाही. गाडी सुरू करताना गिअर चुकला. त्याने माझ्याकडे बघून ओठ फाकवले. हसणं म्हणता येणार नाही.

उकंडाने रजा टाकली.

५ मे

दुपारी वाजला. मी घेतला.

"साहेब, मी देवीलाल बोलून राह्यलो. मले काहून सोडून आले? मले काढा ना. लय अंधार आहे."

देवीलाल माझ्यासमोर स्टुलावर बसलेला होता. हात मांडीवर. माझ्याकडे बघत होता. तोंड बंद.

मी फोन ठेवू शकलो नाही. तिकडून तो पोरांची नावं घेत होता.

७ मे

देवीलालची बायको जमनी आली. मी काही बोलायच्या आत तिनेच सांगितलं. घरी जो येतो तो गोरबोली, त्यांची बंजारा बोली, समजतो पण बोलत नाही. शेळ्या त्याला बघून दावं तोडतात. ती रडली नाही, आरडाओरड केली नाही. फोनपाशी बसून राहिली. वाजला तेव्हा मी रिसीव्हर तिच्या कानाला लावला.

ती तिच्या बोलीत बोलली, बराच वेळ. मग मला म्हणाली, "माहा माणूस तिथं आहे. तुमचं काम आहे ना साहेब, काढायचं?"

आहे. माझंच काम आहे.

८ मे

सत्यशीलाला फोन करून येऊ नको म्हणालो. कारण विचारलं. सांगता येईना — उन्हाळा फार, असं काहीतरी — ती म्हणाली, तिकीट काढलंय, परवा निघतो, पौर्णिमेला एकत्र राहू. आवाजात शंका होती. माझा आवाज बरोबर नव्हता.

समोर स्टुलावर तो बसलाय. दिवसभर. मी लिहितो ते बघतो.

फोन — आता दोघं बोलतात. जिरापुरे आणि देवीलाल. एकमेकांचं ऐकू येत नाही बहुतेक.

९ मे, सकाळ

जायचं ठरलं. उकंडाला घरून बोलावून आणलं. दोर तो आणि जमनी धरतील. शोभाताई म्हणाल्या, गेलेला येत नाही, दुसरंच येतं. मग म्हणाल्या, पण मी फोनवर बसते.

दोर सैल पडला तर ओढायचं, मी काहीही ओरडलो तरी.

अक्षर — प्रियंकाला हे अक्षर लागेल का —

देवीलाल, आलो रे.

९ मे, संध्याकाळ

जाऊन आलो. आत कोणीही नाही. थोडी राख, पोकळी, बस्स. उगीच एवढं घाबरलो होतो. दोर कुठेतरी तुटला, पण मी आपणहून बाहेर आलो.

मला काही झालं नाही.

जमनीने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि परत वाटेपाशी जाऊन बसली. उकंडा पळत सुटला. देवीलालने गाडी आणली. आम्ही सोबत परतलो.

१० मे

छान झोप लागली. बसवत नाही ती तगमग गेली. ऊन जाणवत नाही. तहान नाही.

मुख्याधिकाऱ्यांना कळवलं, आग विझली आहे.

शोभाताई आल्या नाहीत. फोन मीच बघतो. वाजला तरी घेत नाही.

११ मे

सत्यशीला आणि प्रियंका आल्या. सत्यशीलाने पाण्याचा गडू पुढे केला. मी बाजूला ठेवला. तिने विचारलं, बरे आहात ना. मला काही झालं नाही, असं सांगितलं.

मुलीचं नाव प्रियंका आहे. मागच्या पानांवर आहे. ती जवळ येत नाही. दारामागून बघते.

शेडमध्ये फोन वाजतो आहे. थांबत नाही. सत्यशीला म्हणते, घ्या ना. नको, खोटा आहे. मुलगी धावत गेली. तिने उचलला. मी इथून बघतो आहे. ती ऐकते आहे. आता रडते आहे आणि हसतेही आहे, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून, आणि माझ्याकडे न बघता आईला ओरडून सांगते आहे, आई, हे बघ, बाबा इथे आहेत, आपले बाबा, ते म्हणतात त्या माणसाजवळून आत्ताच्या आत्ता —