एका माणसाला एकच साहेब

४ मार्च
आजपासून रोजनिशी. जबाबदारीच्या माणसाने नोंदी ठेवाव्यात.
चीफ ओकरलंड मॅडमनी आमच्या मार्लो क्रीक पोलिसांच्या मान्यतेचं सगळं काम माझ्यावर सोपवलं. मे महिन्यात बाहेरचे तपासनीस येणार, खातं नियमाप्रमाणे चालतं का ते बघणार. तोवर मला रात्रीची गस्त माफ. गस्तीचे कॅप्टन टिडवेल सगळ्यांसमोर म्हणाले, बरं झालं, नाहीतरी सार्जंट हृस्काची अंधारात तंतरते. साफ खोटं. रात्री गाडी अडवायची आणि ड्रायव्हरच्या काचेपर्यंत एकट्याने चालत जायचं. आत कोण, त्याच्या हातात काय, देव जाणे. तेवढं चालणं मला आवडत नाही, इतकंच.

११ मार्च
निश्चय: रोज सहाला ऑफिसात हजर. रोज नियमावलीचं एक प्रकरण पाठ.
आज पोचायला पावणेदहा झाले. बर्फ फार होता. जेनीन म्हणते, बर्फ परवाच वितळला. बायकोला रस्त्यातलं काय कळतं?

१९ मार्च
खात्याचा तक्ता काढला. वर चीफ, खाली तीन कॅप्टन: गस्त, तपास, कार्यालय. मग लेफ्टनंट, सार्जंट, शिपाई. नियम सोपा आहे. एका माणसाला एकच साहेब, दोन नाहीत, शून्यही नाही.
माझा चौकोन थेट चीफच्या खाली घेतला. कॅप्टनांच्या शेजारी, किंचित वर. टिडवेलनी पाहिलं. म्हणाले, काय रे, रजा मागायला माझ्या दारात आणि बसायला माझ्या डोक्यावर? जळतात.

२ एप्रिल
तपासनीस वाटेत कुणालाही गाठून विचारतात म्हणे, तुमचा साहेब कोण. म्हणून मीही सगळ्यांना गाठतोय. लेफ्टनंट बाका बाई म्हणाल्या, माझे साहेब टिडवेल, आणि आता बाथरूमला जाऊ देता का? श्वानपथकाचा डिट्रिख म्हणाला, आमचा साहेब हा कुत्रा. त्याला झापणार होतो. कुत्रा गुरगुरला. उत्तर तात्पुरतं मान्य केलं.

१५ एप्रिल
झोप नाही. स्वप्नात मी एका गाडीकडे चालतोय आणि काच हळूहळू खाली येतेय. घामाने भिजून उठलो. रात्री चिली, म्हणजे तिखट राजमा-खिमा, आणि त्यावर दालचिनीचे दोन गोड रोल खाल्ले, त्याचा परिणाम. निश्चय: कॉफी बंद.
तिसऱ्या कपानंतर बरं वाटलं.

२८ एप्रिल
काल रात्री गस्तीवरच्या मेन्केने गाडी अडवली. काचेपाशी पोचला तर दार धाडकन अंगावर आलं. हात दोन ठिकाणी मोडला. ती पाळी माझी होती, माझ्या बदली तो गेला होता.
सगळे दवाखान्यात जाऊन आले. मला वेळ नाही, काम फार. खरं म्हणजे दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो आणि गाडी वळवून परत आलो.
मान्यता मिळालीच पाहिजे. ती मिळाली की माझी खुर्ची कायमची पक्की.

१३ मे
तपासनीस आले. त्यांच्या मुख्य पेनरोजबाई, निवृत्त पोलीसप्रमुख. जेवताना हसतात, प्रश्न विचारताना नाही. डिट्रिखला गाठलं. त्याने नीट उत्तर दिलं, कुत्राही गप्प. बाका बाई, शिपाई, टेलिफोनवरची मुलगी, सगळे पास. माझीच शिकवण.
मग मला विचारलं. मी ताठ उभं राहून सांगितलं, चीफ. बाईंनी चीफना विचारलं. त्या म्हणाल्या, हृस्का? तो टिडवेलचा माणूस. टिडवेलना विचारलं. ते म्हणाले, माझा? छे हो, तो तर चीफच्या मांडीवर असतो.
पेनरोजबाई शांतपणे म्हणाल्या, म्हणजे या सार्जंटना साहेबच नाही.
मी घाईघाईने तक्ता काढून दाखवला.

१४ मे
चीफनी बोलावलं. अख्ख्या खात्यात चूक एवढी एकच, उद्या दुपारपर्यंत दुरुस्त करायची. मी सुचवलं, मला तुमच्याच हाताखाली घ्या. म्हणाल्या, बघते. बघते म्हणजे हो.

१५ मे, संध्याकाळ
दुरुस्ती झाली. पेनरोजबाई खूश, मान्यतेची शिफारस करणार. चीफनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. टाळ्या. मला रडू आलं.
मान्यतेचं काम संपलं, म्हणून त्या कामाची खुर्चीही संपली. मी मेन्केच्या जागी. आता माझ्या साहेब, लेफ्टनंट बाका. रात्रीची गस्त, आजपासून.
घरी येऊन जेनीनला सांगितलं की ही एक प्रकारची बढतीच, रस्त्यावर अनुभवी माणूस लागतो. गणवेश इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला होता. बाका बाईंनी तिला दुपारीच फोन केला होता.
मग मी म्हणालो, जेनीन, मला भीती वाटते गं.
ती म्हणाली, ठाऊक आहे रे. सगळ्या गावाला ठाऊक आहे. आधी जेवून घे.