‘पुरेसा’ म्हणजे किती तास

३ मे

चि. इंजिनिअरसाहेबांस, ताईचे अनेक आशीर्वाद.

आठवी पास माणसाला इंजिनिअर म्हटलं म्हणून नाक फुगवू नकोस. हॉस्पिटलचा सगळा ऑक्सिजन माझ्या भावाच्या पान्यावर चालतो, असं मीच शेजारीपाजारी सांगत असते. पण काल तुझ्या बायकोचा फोन आला. महिनाभर तू घरी फिरकला नाहीस, चादरींच्या खोलीत झोपतोस, हात धुऊन धुऊन सालटी निघाली आहेत. आणि वर ऑफिसची नोटीस, तीही एका शब्दापायी. रोजच्या साठ्याच्या फॉर्मवर ‘पुरेसा’ ठेवून सही करायला तुझं काय जातं रे? या साथीत लोक जीव मुठीत धरून बसलेत आणि तू शब्दाशी झोंबतोयस. वय एकोणपन्नास, त्यात साखर. सही कर, नाहीतर राजीनामा देऊन सरळ माझ्याकडे ये. वरची खोली झाडून ठेवली आहे.

उलट टपाली कळव. रागावले आहे, पण माया तेवढीच.

तुझी ताई

७ मे

ती. ताईस, सा. न. वि. वि.

झोंबत नाही, तो शब्द मी नीट वाचतोय. फॉर्मवर छापलंय ‘पुरेसा / अपुरा’, त्यातला एक खोडायचा. मी दोन्ही खोडतो आणि तास लिहितो. एक मोठा सिलिंडर चाळीस पेशंटना साडेसतरा मिनिटं पुरतो. हे मला कुठल्या कॉलेजने शिकवलं नाही. घड्याळ आणि सिलिंडरचं प्रेशर दाखवणारं गेज समोर ठेवून मी स्वतः काढलंय. मग चाळीस सिलिंडर असतील तर ‘पुरेसा’ म्हणायचं, की अकरा तास चाळीस मिनिटं?

व्यवस्थापक म्हणतात, तास वाचून नातेवाईक घाबरतात. घाबरू देत की, मी रोज घाबरतो. वर म्हणाले, तुमच्याकडे सर्टिफिकेट नाही, तुमच्या सहीला किंमत नाही. म्हटलं, मग मागता कशाला?

बायकोला सांगितलं नाही, ते तुला सांगतो. एकोणीस एप्रिलला मी ‘पुरेसा’ ठेवून सही केली होती. दमलो होतो, आणि आधीचे सगळे तसंच करायचे. त्या शब्दावर वॉर्डात आणखी चौदा पेशंट घेतले. सिलिंडरची गाडी उशिरा आली आणि दुपारी सव्वातीनला प्रेशर पडलं. सिस्टर लोक हाताने पिशव्या दाबून श्वास देत राहिल्या. दोघं गेले. त्यातली एक बाई माझ्याच वयाची होती. मला कुणी बोललं नाही, कारण कागदावर सगळं बरोबर होतं. संध्याकाळी मोठ्या सिस्टर खाली माझ्या सिलिंडरच्या खोलीत येऊन रडल्या. तिथे पेशंट नाही, नातेवाईक नाही, म्हणून. मी स्टूल पुसून दिलं आणि गेजच्या काट्याकडे बघत राहिलो. दुसरं काय करणार.

तेव्हा राजीनामा नाही, आणि सहीही नाही. नोटिशीच्या उत्तराचा मसुदा जोडलाय. तू बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंस, शुद्धलेखन तेवढं तपास.

तू रागावलीस तरी वाचशील, या भरवशावर एवढं लिहिलं.

तुझा भाऊ

११ मे

चि. भावास, आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चष्मा पुसून. त्या दिवसाबद्दल तुझी समजूत घालत नाही. तुझी काही चूक नव्हती म्हटलं तर तुला ते खोटं वाटेल, आणि खोट्या शब्दांना तू आधीच विटला आहेस.

मसुदा लाल पेनने तपासून पाठवतेय. ‘नियम’मधला नि पहिला असतो, हे तुला तिसरीत शिकवलं होतं. ‘क्षमस्व’ दोन ठिकाणी होतं, दोन्हीकडे खोडलं. चूक तू एप्रिलमध्ये केलीस, मेमध्ये नाही. ‘मी अल्पशिक्षित असल्यामुळे’ हेही काढून टाकलं. त्या जागी साडेसतरा मिनिटांचं गणित घाल.

सही करू नकोस. माझं गेल्या पत्रातलं वाक्य मी मागे घेते, असं सहसा होत नाही. नोकरी गेली तर मात्र झक मारत इकडेच यायचं.

जेवत जा. हाताला तेल लाव. बाकी माझा जीव तुझ्यापाशीच आहे.

तुझी ताई

१६ मे

ती. ताईस, सा. न. वि. वि.

उत्तर दिलं, तुझ्या दुरुस्त्यांसकट. त्यांनी फॉर्म माझ्याकडून काढून घेतले आणि ऑफिसातल्या कारकुनाला सही करायला बसवलं. त्याने जन्मात गेज पाहिलेला नाही, पण ‘अपुरा’वर रेघ कशी, पट्टीने मारलेली. मोठ्या सिस्टरनी तो फॉर्म हातात घेतला नाही. खाली आल्या, मला तास विचारले, वॉर्डाच्या फळ्यावर खडूने लिहिले आणि खाली स्वतःची सही ठोकली. आता तिन्ही वॉर्ड फळा बघून पेशंट घेतात, नाहीतर दुसरीकडे जागा शोधून देतात. नातेवाईकही वाचतात. घाबरतात, आणि मग गाडीवाल्याला, ऑफिसला, सुचेल त्याला फोन लावतात. काल गाडी दोन तास लवकर आली.

माझी भीती गेली असं समजू नकोस. काटा हलला की रात्रीही उठून सिलिंडर पुन्हा मोजतो. पण आता काटा बघणारा मी एकटा नाही.

आज अकरा वाजता व्यवस्थापक स्वतः खाली आले, पहिल्यांदाच, पूर्ण किट घालून. शेजारी कॉम्प्रेसर धडधडत होता, त्यात त्यांच्या तोंडावर दोन मास्क, एक अक्षर कळेना. नोटिशीचं असणार म्हणून मी पाना ठेवून उभा राहिलो. शेवटी त्यांनी हातानेच विचारलं, किती तास? मी नऊ बोटं दाखवली. त्यावर ते काहीतरी एकच शब्द बोलले. ‘पुरेसा’ म्हणाले असतील, मला ऐकू आलं नाही. मी पुन्हा नऊ बोटं दाखवली, आणि ते मोजेपर्यंत हात खाली घेतले नाहीत.

गाडी येईल एवढ्यात, म्हणून इथेच थांबतो. लाल पेन जपून ठेव, आणि मायाही.

तुझा भाऊ