डबीवरचा माणूस

रेवदंडा, कोळीवाडा
१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

प्रण्या,

सप्रेम नमस्कार. पत्र असंच सुरू करतात, त्याला शाळेत मार्क होते. पुढचं शिकवलं तेव्हा मी बहुतेक वर्गाबाहेर उभा होतो.

पहिलं म्हणजे फाडू नको. तू मला ब्लॉक केलंस. आईच्या फोनवरून लावला तर आवाज ऐकून कट केलास. नामाच्या फोनवरून लावला तर शिवी देऊन कट केलास. शिवी बरोबरच होती. म्हणून हा कागद. नामा आज मासळीचा टेम्पो घेऊन पनवेलला येतोय, तुझ्या कंटेनर यार्डाच्या गेटवर देईल. सोबत एक डबी हाय. ती आधी उघडू नको, आधी हे वाच.

इकडे सगळं बरं. बोटी कामाला लागल्यात. जवळा एवढा आलाय की वाळवायला जागा नाय, लोकांनी क्रिकेटच्या पिचवर टाकलाय. म्हणून मॅच बंद, म्हणून माझं डोकं रिकामं. दिवाळीच्या सुट्टीत मी किनाऱ्यावर पाटी लावली, 'डॉल्फिन चार वाजता येतील, कृपया रांगेत उभे राहा.' आई शप्पथ, दोन बस भरून माणसं रांगेत उभी होती. एक काका तर मधे घुसला म्हणून भांडणं झाली.

असो. डबीचं सांगतो.

त्याच सुट्टीत पुण्याचा एक लांब केसवाला होमस्टेला उतरला होता. मला विचारतो, 'किल्ल्याची समुद्राकडची भिंत कुठे आहे? तिथे एका इटालियन पिक्चरचं शूटिंग झालं होतं, तुला कल्पना आहे?' मी बोललो, कल्पना? आमच्या कोळीवाड्यात त्या पिक्चरवरून अजून भांडणं होतात.

तुझ्या घरात त्या पिक्चरचं नाव काढत नाय, त्यामुळं तुला अर्धंच माहीत असेल. गाव काय बोलतं ते पूर्ण लिहितो. अठ्ठ्याहत्तर साली गोरे आले, महिनाभर राहिले. समुद्रातून मेलेली माणसं चालत येतात आणि गाव खातात, असला पिक्चर. मेलेली माणसं व्हायला आपलेच गडी रोजावर घेतले. तुझा आजा अंबाजी त्यातला. शेवटच्या दिवशी शूटिंगला गेला तो घरी आलाच नाय. गोऱ्यांचा मुंबईवाला माणूस जाता जाता सांगून गेला, अंबाजीला साहेबांनी सोबत नेलाय, इटलीला काम देणार. झालं. गावानं ठरवलं, अंबाजी गोरीच्या मागं पळाला. तुझी आजी कृष्णाबय तेव्हा पोटुशी, तुझा बाप रामचंद्र काका पोटात. बांगड्या भरायला गेली की बायका विचारायच्या, 'इटलीवरनं मनीऑर्डर आली का गं?' बय हिरव्या बांगड्या भरायची आणि निघायची. आणि काका तसाच मोठा झाला, पळपुट्याचा पोरगा.

तो पिक्चर तेव्हा आपटला. पण जगात थोडे येडे लोक असतात, ते त्याच्या चोरीच्या कॅसेटी एकमेकांना पाठवून बघायचे. आता परदेशातल्या कुठल्यातरी कंपनीनं जुनी रीळं शोधली, धुऊनपुसून साफ केली आणि डिस्क काढली. जाड डबी, आत पुस्तक, पोस्टर. पुणेकर डबीला हात लावायच्या आधी हात धुवायचा, बोल! नाव इटालियनमधे हाय, तो बोलला त्याचा अर्थ 'भरतीचे पाहुणे'. डबीवर एक माणूस. छातीपर्यंत पाण्यात, हात वर, हातात रुमाल, गोल फिरताना पकडलेला. येड्या लोकांत हा फोटो लय फेमस. टी-शर्टवर छापतात, दंडावर गोंदवतात. त्याला ते 'बोलावणारा' म्हणतात. मेलेला माणूस जित्या माणसांना पाण्यात बोलावतो म्हणे.

मी बघितला आणि जागीच ओळखला. तुझं नाक. तुझे कान. प्रण्या, ते कान तुझ्या जन्माआधीपण तसेच होते.

पुणेकराकडं दोन डब्या होत्या. मी त्याला किल्ला फिरवला, चार भुतं फुकट सांगितली, तो खूश होऊन एक मला देऊन गेला.

मग मी काय केलं ते अख्ख्या गावानं बघितलं. बयच्या हातात फोन दिला, 'इटलीवरनं हाय,' बोललो, आणि दाराआड जाऊन दुसऱ्या फोनवरून आवाज घोगरा केला. 'हॅलो, कृष्णा? मी अंबाजी.' ती बोंबील मिठाला लावत होती. हात पुसले. मग एवढंच, 'कंदी येशील?' मी बोललो, 'येत्या अवसेला. उधाणाबरोबर.' ती बोलली, 'बरा. ये.' फोन ठेवला आणि परत बोंबील घेतले. मी रील टाकली. लोक हसून मेले. तू ब्लॉक केलंस.

इथपर्यंत तुला माहीत हाय. इथून पुढचं नाय.

दुसऱ्या दिवशी बय स्वतः माझ्या दारात. 'त्यो पिक्चर दाव मना.' मामाचं प्लेस्टेशन हाय ना, त्यात डिस्क चालते. बय खुर्चीवर बसली नाय, खाली बसली, टीव्हीच्या एकदम जवळ. मेलेली माणसं आली तेव्हा नावं घेत होती. ह्यो धाकलू, ह्यो माझा दीर. हसलीपण एकदा. मग तो सीन आला. एकटा माणूस, मागं काळे खडक, रुमाल गोल फिरतोय. 'थांबव,' बोलली. 'परत.' मी परत लावला. 'परत.' माझा अंगठा दुखेपर्यंत लावला.

मग बोलली, 'ह्यो बोलावत न्हाय.'

प्रण्या, आपल्या बोटीवरचं शेंबडं पोरगंपण सांगेल. 'ये' म्हणायचं तर रुमाल आडवा हलवतात. गोल फिरवला म्हणजे माणूस बुडतोय, धावा. मी बोटीवर जातो, मला ही खूण येते, आणि मी ती डबी गावभर मिरवत 'बोलावणारा, बोलावणारा' करत होतो.

मी बयला बोललो, ॲक्टिंग असेल गं. ती बोलली, 'ॲक्टिंग गोऱ्याला दावायची, तर आपली रुमालाची खून कशाला करल त्यो? गोऱ्याला काय कलतंय?'

ती गेल्यावर मी डिस्कवरचं बाकीचं काढलं. पिक्चरच्या मागं लय काय काय असतं, कापलेले सीन, मुलाखती. एक म्हातारा इटालियन हाय, तेव्हा कॅमेऱ्यावर मदतीला होता. तो बोलतो त्याच्या भाषेत, खाली इंग्रजी येतं. माझं इंग्रजी तुला माहिती. मी मोबाईल टीव्हीसमोर धरला, तो वाचून मराठी करतो. कसलं मराठी! 'सकाळचा प्रकाश फार स्वादिष्ट होता.' मी एकटाच हसत होतो. पुढं आलं, 'इतरांना जेवणासाठी पाठविले. त्या एकाला आणखी खोल पाठविले. तो सुंदर हात फिरवितो. माणूस खाली गेला आणि आम्ही टाळ्या वाजवितो.'

मागं घेतलं. परत तेच. मोबाईल बंद करून चालू केला. परत तेच.

पुढं तो सांगतो, अंगावर घातलेला झगा जड होता. अंधार पडेपर्यंत होडी फिरवली. मालक बोलला, कुणाला सांगायचं नाय. मग म्हातारा तोंडावर हात धरून बसतो आणि मोबाईलला मराठी करायला काय उरत नाय.

मी तसाच पळत रामचंद्र काकाकडं गेलो. काका बंदरावर जाळी ओढत होता. मी सगळं सांगितलं, दम लागलेला, नीट सांगताच येईना. काकानं ऐकून घेतलं आणि कानाखाली दिली. 'माझ्या बापाला इटलीवरनं फोन करायला लावून आता समुद्रात बुडवतोस काय रं? पुढची रील हाय ही? आणि डॉल्फिन कवा येतील, तेपन सांग!' सगळे हसले. मी बोललो, काका, चल, बघ. तो बोलला, 'उंबऱ्यावर दिसलास तर पाय मोडीन.' माझ्या आईनंपण नाय ऐकलं. आजवर मी एवढं खोटं बोललो की आता खरं बोलायला माझ्याकडं तोंडच नाय राहिलं.

झगा का जड होता, ते लिहायचं मी टाळत होतो. लिहितो.

कोळी माणूस बुडायला तयार नसतो, तरंगतो, पोहतो. गोऱ्यांना तर माणसं तळावरून चालत यायला पायजे होती. म्हणून त्यांनी आपल्याकडूनच जाळ्याचं शिसं विकत घेतलं आणि झग्यांच्या काठात शिवून घेतलं. शिवायला कोळीवाड्यातल्या बायका बसवल्या, कारण शिसं बांधायची गाठ त्यांनाच येते. तीच गाठ, प्रण्या, पाण्यात भिजली की अजून आवळते.

अंबाजीचा झगा बयनं शिवला होता.

हे मला तिनंच सांगितलं, रविवारी, काका बंदरावर असताना, निवडलेली कोलंबी माझ्या ताटात वाढता वाढता. 'टाका माझा हाय. गोरा बोलला, घट कर. मी घट केला.' आवाज एकदम साधा. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता ऐक. परवा गुरुवारी अवस. मी तिला हात जोडून बोललो, बय, तो फोन मी केला होता, अवसेला कोण येणार नाय. ती बोलली, 'मना ठावं हाय. येडी न्हाय मी. पन दिस बरा काढलास.' का बरा, ते मला रात्रभर कळलं नाय. सकाळी बोटीवर कळलं. अवसेला भरती जेवढी मोठी, तेवढी ओहोटी लांब जाते. किल्ल्यामागचे ते काळे खडक त्याच दिवशी पूर्ण उघडे पडतात. सांजेला चालत जाता येतं, होडी लागत नाय, कुणाला विचारावं लागत नाय. पण परत येताना मधली घळ आधी भरते, आणि ती खडकावर असलेल्याला दिसत नाय. आपण लहानपणी तिथं शिंपले काढायला जायचो तेव्हा बयच काठी घेऊन आपल्याला हाकलायची. तिला सगळं माहीत हाय.

आज सकाळी तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. फोडल्या नाय, काढून ओळीनं खिडकीत ठेवल्यात. पायरीवर बसून कोयती घासत होती. मी विचारलं, मासळी आली काय? तर बोलली, 'टाका उसवाया जायाचा हाय.' मी ओरडलोच तिच्यावर. बय, पन्नास वर्षं होत आली, तिथं कापड नाय, हाड नाय, काय नाय! ती कोयतीची धार बघत बोलली, 'शिसा कुजत न्हाय पोरा.'

तिचं एकच म्हणणं हाय. ज्याचं मढं सापडत नाय त्याचा गवताचा पुतळा करतात आणि पोरगा अग्नी देतो. रामचंद्रानं बापाला अग्नी द्यावा, मग ती कुठं जायची नाय. काल तिनं काकाला तसं सांगितलं. काका बोलला, 'पळून गेलेल्याला अग्नी देत नाय,' आणि जेवण सोडून उठला. त्याचापण दोष नाय. एवढी वर्षं ज्याच्यावर दात खाल्ले, तो माणूस त्याच दिवशी, भिंतीपलीकडं, रुमाल फिरवत होता, हे कसं एकदम मानायचं?

तर डबी उघड. मुलाखतीवाला भाग लाव. इंग्रजी तुला येतं, तुला मोबाईल नको. माझ्यावर विश्वास ठेवू नको, त्या म्हाताऱ्यावर ठेव. आणि बघून झालं की डिस्क घेऊन निघ, सुट्टी नाय दिली तर नोकरी सोडून निघ. काका तुझं ऐकेल, दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाय. गवत मी कापून ठेवलंय, आमच्या होडीत ताडपत्रीखाली. गुरुवारी दुपारपर्यंत आलास तर सगळं होईल.

नाय आलास तर मी सांजेला किल्ल्यामागं असेन. तिला उचलून आणेन बोलतो, पण तिच्या हातात कोयती असेल, आणि खरं सांगू, तिनं माझ्याकडं एकदा बघितलं तर मी तिच्या मागं मागं चालायला लागेन असं वाटतं. घळ भरायला लागली की ओरडेन. मी ओरडलो तर कोण धावेल? बोलतील, विन्याची नवीन गंमत.

नामा हॉर्न मारतोय. आत्ता बय पाण्याची कळशी घेऊन इथून गेली. विचारलं, 'काय लिवतंस?' मी बोललो, प्रण्याला पत्र, त्याला बोलावतोय. ती थांबली. मला वाटलं बोलेल, नको लिहू. तर बोलली, 'त्याला सांग, जेवून निघ. त्या दिशी आपल्या घरात चूल न्हाय पेटायची.'

मी विचारलं नाय कुणासाठी.

विनेश